आधी डोंगर

"नाही सर, हे मी करणार नाही," एस्तेर म्हणाली.

राजेंद्र सरांनी समोरच्या फुलांच्या परड्या बाजूला सारल्या आणि तिच्याकडे पाहिलं. शहाद्याच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्याचे ते व्यवस्थापक. आज नव्या विभागाचं उद्घाटन होतं. पैसे देणारे पाहुणे परदेशात बसून सोहळा पडद्यावर बघणार होते. सभागृहातून माईकचा 'चेक, चेक' चालला होता.

"मी काही जगावेगळं मागत नाहीये. सभागृहाचं चित्र आधी जाऊ द्या, बाकीचं मागून. कार्यक्रम संपला की पुन्हा होतं तसं करा."

"बाकीच्यात डोंगर आहे सर."

"डोंगर कुठं पळून चाललाय?"

एस्तेर गावित मूळची नवापूरकडची. दवाखान्यातल्या संगणकांपासून कॅमेऱ्यांपर्यंत जिथं जिथं तार जाते, ते सगळं तिच्याकडे होतं. नेमणुकीच्या कागदावर 'तांत्रिक सहायक', आणि ती नेमणूकही दरवर्षी नव्यानं. दवाखान्यात मात्र सगळे तिला वायरवालीच म्हणत. नवरा गेल्यापासून ती आणि तिची आई अशा दोघीच घरात होत्या.

डोंगर म्हणजे उंबरापाणी. सातपुड्यात वर ट्रस्टचं एक छोटं उपकेंद्र होतं. तिथं प्रिस्किला नावाची नर्स राहायची. डॉक्टर नाही, मोबाइलला रेंज नाही. टेकडीवरच्या एका मनोऱ्यावरून लाइन यायची आणि त्या लाइनवर इथल्या गायत्री डॉक्टर पडद्यावर पेशंट बघायच्या. बघायच्या म्हणजे, चित्र हललं तर बघायच्या. खाली दवाखान्यात कुणी फोनवर पिक्चर लावला, कुणी लग्नाचा व्हिडिओ पाठवला, की वरचं चित्र थिजायचं. गायत्री मॅडम "हॅलो, हॅलो" करत बसायच्या आणि पडद्यावर एखादं लेकरू तोंड उघडं ठेवून तसंच राहायचं. रडतंय की श्वास घेत नाहीये, कळायचं नाही.

मग सगळ्या तारा जिथं एकत्र येतात त्या स्विचच्या डब्यांसाठी नवं सॉफ्टवेअर आलं. ते एस्तेरनं स्वतः चढवलं, दवाखाना बंद असताना, एका रविवारी, चर्चला न जाता. दुसऱ्या दिवशी स्टोअर सांभाळणाऱ्या लोटनभाऊंनी विचारलं, "काय नवं शे त्यामा?"

"विसरवाडीचा फाटा माहिताय ना? ट्रक, बस, सगळे एकदम घुसतात. आता तिथं पोलीस उभा केलाय असं समजा. कोणाला आधी सोडायचं ते आपण सांगायचं. कोणी अनोळखी मशीन तारेला लावलं तर तो आतच घेत नाही. आणि रस्ता तुटला तर आपणहून दुसऱ्या रस्त्यानं गाड्या वळवतो."

"म्हंजे आते आपला डब्बामा बी पोलीस उभा शे म्हन ना!"

"उभाय. आणि त्याला सांगितलंय, आधी डोंगर."

त्यानंतर उंबरापाणीचं चित्र कधी थिजलं नव्हतं.

नेमकं आज सकाळी महामार्गाच्या खोदकामात दवाखान्याची मोठी तार तुटली होती. सॉफ्टवेअरनं सगळी वाहतूक आपसूक दुसऱ्या, राखीव लाइनवर वळवली. कुणाला पत्ताही लागला नाही. पण राखीव लाइन बारीक होती. सभागृहाचं मोठं चित्र आणि डोंगर, दोन्ही तिच्यात मावत नव्हती.

"बारीक लाइनवर सभागृह आधी सोडलं, तर डोंगर नुसता मागं पडणार नाही, बंदच पडेल," एस्तेर म्हणाली. "तुम्ही सभागृहाचं चित्र जरा लहान करा. मग दोन्ही चालतील."

"ट्रस्टच्या अध्यक्षांचा चेहरा धूसर दाखवू? आज? प्रिस्किलाला निरोप द्या, सकाळभर पेशंट घेऊ नको म्हणून."

"साप निरोप वाचून चावत नाही, सर."

राजेंद्र सरांचा आवाज बदलला. "तुमची मुदत मार्चला संपते. नव्यानं सही मीच करतो."

"ठाऊक आहे."

"पासवर्डही माझ्याकडे आहे. तुमच्यावाचून अडत नाही."

"असायलाच पाहिजे तुमच्याकडे. किल्ली तुमची आहे, सर. हात माझा आहे." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "आणखी एक आत्ताच सांगून ठेवते. डोंगरातून पेशंट आला आणि चित्र अडलं, तर मी सभागृहाची तार काढीन. मागून म्हणू नका, सांगितलं नव्हतं."

सर हसले. त्यांनी सुरतेच्या इंजिनियरला फोन लावला. त्यानं तिथूनच पासवर्ड टाकून क्रम फिरवला. जाता जाता पासवर्डही बदलला.

*

अध्यक्ष दिवा लावत होते तेव्हा गायत्री मॅडमच्या खोलीतून हाक आली.

पडद्यावर रूपसिंग नावाचा एक माणूस खाटेवर पडला होता. गवत कापताना पायाला नाग चावला होता. प्रिस्किलाजवळ सापाची लस होती, पण तिचा कधी कधी उलटा त्रास होतो म्हणून डॉक्टरांच्या शब्दाशिवाय ती लावायची नाही असा ट्रस्टचा दंडक होता.

"प्रिस्किला, त्याला वर बघायला सांग. छताकडे. पापण्या उचलतो का? नसेल उचलत तर विष भिनलंय."

पडद्यावर रूपसिंगचे डोळे अर्धे मिटलेले होते. ते तसेच राहिले. प्रिस्किलाचा हात त्याच्या कपाळावर होता, तोही तसाच राहिला.

"पापण्या पडल्यात का चित्र अडकलंय? प्रिस्किला! ऐकू येतंय?"

"...मॅडम... गिळता... नाही..."

मग आवाजही गेला. गायत्री मॅडमनी मागं पाहिलं. दारात येऊन उभी राहिलेली एस्तेर आता तिथं नव्हती.

जिन्याखालच्या खोलीत तिनं कपाट उघडलं. नवा पासवर्ड तिच्याजवळ नव्हता, पण तारा तिनंच ओढलेल्या होत्या. सभागृहाची निळी तार तिनं चिमटीत धरली, खटका दाबला आणि बाहेर ओढली. मग ती चालत सभागृहात गेली. परदेशातले पाहुणे दिसत होते तो मोठा पडदा काळा झाला होता. अध्यक्षांच्या हातात मेणबत्ती तशीच होती. लोक एकमेकांकडे बघत होते.

"तार मी काढलीय," ती राजेंद्र सरांना म्हणाली. हळू बोलायचं तिनं ठरवलं होतं, पण सभागृह इतकं गप्प होतं की मागच्या खुर्चीपर्यंत ऐकू गेलं. "वर डोंगरात साप चावलेला माणूस आहे. त्याचं झालं की लावते."

ती परत जिन्याखाली आली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. मागोमाग सर आले. त्यांच्यासोबत मंडपवाल्याचा माणूस आणि गेटवरचा दोधू.

"बाजूला व्हा."

"नाही."

"एस्तेरबाई, आत अध्यक्ष उभे आहेत!"

"उभे आहेत ना? वर माणूस आडवा पडलाय."

"दोधू, यांना बाजूला कर."

दोधू एक पाऊल पुढे आला. त्याचं गाव उंबरापाणीच्या खालच्या अंगाला होतं. त्यानं एस्तेरकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे पाहिलं आणि तिथंच उभा राहिला. सरांनी पुन्हा हाक मारली तरी तो हलला नाही. एस्तेरनं पाठ दाराला आणखी घट्ट रेटली.

वर गायत्री मॅडमच्या खोलीत चित्र हललं. रूपसिंग छताकडे बघायची धडपड करत होता आणि त्याच्या पापण्या उचलल्या जात नव्हत्या.

"लाव," गायत्री मॅडम ओरडल्या. "प्रिस्किला, लस लाव. आत्ता लगेच!"

बऱ्याच वेळानं त्या स्वतः जिना उतरून आल्या. "श्वास ठीक आहे. गाडीत घातलंय त्याला," त्या म्हणाल्या. तेव्हा एस्तेरनं दार उघडलं आणि निळी तार होती तिथं लावून दिली. तिकडचे पाहुणे केव्हाच उठून गेले होते.

*

रूपसिंग जगला. खाली आणल्यावर चौथ्या वॉर्डात होता. त्याची बायको जेवणाचा डबा घेऊन एस्तेरच्या समोरून जायची; ही बाई कोण, ते तिला ठाऊक नव्हतं. एस्तेरनंही सांगितलं नाही.

राजेंद्र सरांनी तिला बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते. अध्यक्षांची बोलणी त्यांनीही खाल्ली होती आणि त्यांनी एक वाट शोधून काढली होती.

"एवढंच म्हणा, नव्या सॉफ्टवेअरमध्ये बिघाड झाला. आपोआप बंद पडलं. घाईत तुम्ही काहीतरी बोललात. अध्यक्षही ऐकून घेतील. मार्चची सही मी करतो."

"आणि सॉफ्टवेअरचं काय?"

"काय असणार? जुनं परत घालू. सुरतवाला करून देतो म्हणाला."

"विचार करते," ती म्हणाली आणि बाहेर आली. लोटनभाऊ बोळात वाटच बघत होते.

"एक खोटं बोली टाक ना, बहीण. डब्बाले काय इज्जत शे का नोकरी शे? कोन मरी जास?"

एस्तेर भिंतीला टेकली. घरी आई होती, तिची बीपीची गोळी होती, भाड्याची खोली होती. हे सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. मग थिजलेलं ते लेकरू आलं, उघड्या तोंडाचं.

"मरी जास, लोटनभाऊ," ती त्यांच्याच बोलीत म्हणाली. "डोंगरमा मरी जास."

ती परत आत गेली. खुर्चीवर बसली नाही.

"बिघाड नव्हता, सर. सॉफ्टवेअरला जे सांगितलं ते त्यानं बरोबर केलं. माझ्या वेळी केलं, सुरतवाल्याच्या वेळीही केलं. सांगणारा चुकला. तार मी काढली, या हातानं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा काढीन. असंच लिहा."

"असं लिहिलं तर मी तुम्हाला ठेवू शकत नाही."

"नका ठेवू. पण डब्यावर ढकलू नका."

गायत्री मॅडमनी त्याच दिवशी ट्रस्टला बजावलं, की यापुढे क्रम डॉक्टर ठरवतील आणि डोंगर पहिला राहील. नाहीतर उंबरापाणीचे पेशंट बघायला त्यांनी दुसरं कुणी शोधावं. दुसरं कुणी मिळणार नव्हतं. सगळ्यांनी ते मान्य केलं. एस्तेरला ठेवा, असंही मॅडम म्हणाल्या. ते मात्र कुणी मान्य केलं नाही.

शेवटच्या दिवशी राजेंद्र सरांनी नवा पासवर्ड तिच्यापुढं ठेवला. तिनं क्रम पहिल्यासारखा केला. वर प्रिस्किलाला लावून बघितलं. प्रिस्किलाचं तोंड स्वच्छ दिसत होतं. ती रडत होती, तेही दिसत होतं.

"रडू नको," एस्तेर दोघींच्या मावची बोलीत म्हणाली. "चित्र कसं दिसतंय ते सांग."

"चांगलं दिसतंय."

"मग झालं."

सामान म्हणजे हत्यारांची पिशवी आणि अॅल्युमिनियमची शिडी. शिडी तिची स्वतःची होती.

"मांगला गेटतून जाय, बहीण," लोटनभाऊ म्हणाले. "पुढे बठ्ठा लोक देखतीन."

"देखू द्या."

तिनं शिडी खांद्यावर घेतली आणि ओपीडीच्या रांगांमधून निघाली. कडेवर पोरं घेतलेल्या बाया, सलाईनच्या बाटल्या धरलेले नातेवाईक बाजूला सरत गेले. पुढच्या दाराचं एकच झडप उघडं असायचं, त्यातून शिडी जाईना. दोधूनं वाकून खालची कडी काढली आणि दुसरं झडपही उघडलं.

रस्त्यावर ऊन होतं. एसटी स्टँडच्या वळणावर मागून केळी भरलेला ट्रॅक्टर आला आणि हॉर्न वाजवू लागला. एस्तेर कडेला झाली नाही. ड्रायव्हरनं पुन्हा एकदा हॉर्न दिला, मग सोडून दिला आणि तिच्या मागोमाग, तिच्या चालीनं, हळूहळू येत राहिला.