बिनमेंदूचं यंत्र

बंद मिलच्या कँटीनमध्ये त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. मिलचा भोंगा थांबून वर्षं झाली, तरी माणसं सवयीनं फाटकाशी जमायची. अशी रिकामी माणसं, दर गुरुवारी कॉम्प्युटरकडून दुखण्यांवर उपाय वदवून घेणाऱ्या यंत्रमहाराजांच्या नजरेतून कशी सुटतील?

महाराजांनी कॉम्प्युटरचा डबा उघडून दाखवला. "देखो भिया, अंदर हार्ड डिस्क ही नहीं. मेंदूच नाही, मग हा बोलतो कोणाच्या डोक्यानं?"

"खरं आहे," गर्दीतले कृष्णराव म्हणाले. त्यांच्या मुलानं कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा क्लास केला होता. "डिस्कशिवाय मशीन चालतच नाही, मुलगा सांगतो ना."

झालं. क्लासवाल्याच्या बापानं मान डोलावली, मग बाकीच्यांनी काय विचारायचं?

धम्मदीना वडिलांना, भाऊरावांना, घरी न्यायला आली होती. अर्धं आयुष्य कापसाच्या धुळीत काढलेल्या भाऊरावांना टीबी झाला होता. आठ महिन्यांच्या गोळ्या होत्या. त्या त्यांनी या यंत्राच्या सांगण्यावरून तिसऱ्याच महिन्यात सोडल्या. काल तिला ट्रंकेत न फोडलेली पाकिटं सापडली, आणि उशीखाली रक्ताचा रुमाल.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर रोमन अक्षरांत हिंदी उमटलं: 'भाऊराव. खाँसी. गोली बंद रखो. आठ गुरुवार और.'

भाऊरावांनी हात जोडले. धम्मदीना डब्याच्या मागच्या बाजूला गेली. डब्यावर तिच्याच अक्षरातली चिठ्ठी होती: लॅब दोन, सतरा.

विद्यापीठातली, लिनक्सवर चालणाऱ्या कॉम्प्युटरांची लॅब तीच सांभाळायची. तिथल्या तीस डब्यांतल्या डिस्क तिनंच काढल्या होत्या. सगळे डबे तारेनं एका सर्व्हरला जोडले होते. मुलं डब्यांपुढे बसायची, काम पलीकडच्या खोलीतलं मशीन करायचं. गेल्या वर्षी नवी मशीनं आली आणि जुनी भंगारात गेली.

या डब्यातूनही लाल दोरा गुंडाळलेली एक तार मागे टांगलेल्या कापडी पडद्याआड जात होती.

"ही तार कसली, महाराज?"

"अर्थिंग है, बेटी. हात लावशील तर शक्ती जाळून टाकेल."

पुढची माणसं मागे सरकली. धम्मदीनानं क्लिप दाबून तार काढली. "अप्पा, आता विचारा."

"मी बरा होईन का?" भाऊरावांनी विचारलं.

अक्षरं हलेनात. धम्मदीनानं कापडी पडदा बाजूला ओढला. मागे दुसरा कॉम्प्युटर होता आणि त्याच्यापुढे महाराजांचा भाचा. दारावर सगळ्यांची नावं आणि दुखणी लिहून घ्यायचा तो हाच. वही मांडीवर उघडी होती.

तिनं तार परत जोडली, भाच्याला उठवलं आणि टाइप केलं. बाहेरच्या कॉम्प्युटरवर अक्षरं आली: 'अप्पा, गोली खाओ. धम्मदीना.'

महाराज मागच्या दारानं गेले. तरी दोघंतिघं हात जोडूनच उभे होते.

"मिल पुन्हा चालू होईल, असंही सांगितलं होतं या यंत्रानं," भाऊराव हळूच म्हणाले.

तिला रडू आलं. "अप्पा, आधी पाहा, तपासा, मग माना, हे तुम्हीच शिकवलंत ना मला?"

"शिकवलं खरं. स्वतःवर वेळ आली तेव्हा नुसतं मानलं."

डबा उघडून दाखवणाऱ्याला, तार कुठं जाते ते विचारायला हवं. आणि डॉक्टरची गोळी कोणाच्याही सांगण्यानं सोडू नये. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी भाऊरावांची थुंकी पुन्हा तपासायला पाठवली. मध्येच सोडलेल्या गोळ्या आता लागू पडतील का, हे त्यांनाही सांगता येईना.