पोटाशी चोवीस तास

तपासनीसबाईंनी कमरेची पट्टी सोडली, पोटाशी बांधलेलं पुडकं काढलं आणि ते गार व्हायच्या आत आत्यांच्या हातात दिलं.

"अगदी कातडीला लागून बांधा. उद्या दहापर्यंत."

"म्हणजे ह्या वयात मला दिवस गेले म्हणायचे," आत्या म्हणाल्या. "गल्लीला तेवढाच विरंगुळा."

पुडक्यात खेळायच्या पत्त्याएवढा एक कागद होता. त्यावर आत्यांच्या विहिरीचं पाणी, चमचाभरही नाही, पसरलेलं. पूर येऊन आठ दिवस झाले तरी वीज आली नव्हती. कागद ठेवायची ऊबपेटी बंद, म्हणून बाई तो अंगाच्या उबेवर सांभाळत होत्या. पाण्यात घाण असेल तर चोवीस तासांत निळे ठिपके उठतात. एक जरी उठला तरी विहीर बंद. पण आता पलीकडच्या वस्तीचे नमुने आणायचे होते आणि वाट अजून छातीभर पाण्यातून होती. गल्लीतली बाकीची माणसं घराघरातला चिखल उपसत होती. दिवसभर कोरडं राहू शकेल असं माणूस एकच होतं.

"आणि गार पडला तर?"

"तर काहीच उठत नाही. पाणी खराब असलं तरी कागद कोरा."

बोलून झाल्यावर बाईंच्या लक्षात आलं, आपण कोणाला काय सांगून बसलो ते. शाळेत आसऱ्याला आलेली दोनशे माणसं आठ दिवस याच विहिरीचं पाणी पीत होती आणि प्रत्येक कळशी आत्यांनी स्वतः भरून दिली होती. काल तिथली दोन मुलं जुलाबाने दवाखान्यात गेली, तेव्हा त्या शिळ्या अन्नावर घसरल्या होत्या. पाण्याचं नाव त्यांनी कोणाला काढू दिलं नव्हतं.

बाई बाटल्यांची पिशवी डोक्यावर घेऊन निघाल्या.

दुसऱ्या दिवशी दहाला त्या परतल्या, तेव्हा विहिरीवर चिटपाखरू नव्हतं. रहाटाचा दोर सोडून गुंडाळून ठेवलेला. आत्या ओट्यावर भिंतीला टेकून ताठ बसल्या होत्या. भर उन्हात अंगावर शाल.

"तुझ्या बाळाने रात्रभर कुशीवर वळू दिलं नाही बघ मला."

पुडकं हातात येताच तळव्याला ऊब लागली, कोंबडीखालच्या अंड्यासारखी. बाईंनी ते उलगडलं. आत्यांकडे न बघता पेनाच्या टोकाने एकेक ठिपका मोजत गेल्या. मग वही उघडली.

"तेरा," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"चौदा," आत्या म्हणाल्या. "तो खालच्या कोपऱ्यातला राहिला तुझा. सकाळी सहाला मी बघितलं, तेव्हा तेवढा एक नव्हता."