मधली जागा

"काका, उठा तिथून. ती जागा माझी आहे."

नम्रता हे तिसऱ्यांदा सांगत होती. लोअर परळच्या चकचकीत नाट्यगृहात, रंगमंचाच्या बरोब्बर मधोमध, सत्तरीचे कोंडीरामकाका मृदुंग घेऊन मांडी ठोकून बसले होते. काळाचौकीच्या चाळीत त्यांनी जन्मभर कोकणातल्या जाखडी नाचाला साथ केली होती. जाखडीत वादक मध्ये आणि नाचणारे भोवती, हा रिवाज.

"बाय, मधी बसल्याबिगर हात चालत नाय माजा."

"आज-उद्या चालवून घ्या. विंगेत बसा."

काका मृदुंग उचलून विंगेत गेले.

जाखडी आणि बॅले यांचा संसार नम्रताने तीस वर्षं रेटून केला होता. नाकं मुरडणारे दोन्हीकडचे होते. तिने दोघांनाही तिकीट काढून बसायला लावलं. उद्या मात्र ती शेवटचं नाचणार होती. गुडघा आता पायाच्या बोटांवर उभं राहू देत नव्हता. बारा मुलींच्या रिंगणात, मधोमध, चार मिनिटं ती एकटी. बाहेर पोस्टरवरही तिचा एकटीचाच फोटो होता.

तालीम सुरू झाली. चौथ्या फेरीला, विंगेकडे पाठ असलेली मनाली शेजारणीवर जाऊन आदळली.

"मनाली, लक्ष कुठंय तुझं?"

"ताई, ताल ऐकू येतो, पण काका दिसत नाहीत ना! लय वाढवायच्या आधी ते खांदा उचलतात. त्याच्यावरच आम्ही पाय टाकतो."

चूक नम्रताचीच होती. वर्षभर चाळीच्या हॉलमध्ये मुली काकांभोवती नाचल्या आणि ती आपला नाच घरी, आरशासमोर बसवत राहिली. दोन्ही एकत्र आणणं म्हणजे हातचा मळ, असं धरून चालली.

तिने आणखी दोनदा रिंगण फिरवून पाहिलं. दोन्ही वेळा विस्कटलं.

"काका, या मध्ये. माझा एकटीचा तुकडा काढून टाकला मी."

"मंग तू कुठं नाचशील?"

"रिंगणात. तेरावी."

तिला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण आवाज नेहमीसारखा खणखणीत होता. "चला गं, जागा करा मला."

दुसऱ्या दिवशी नाट्यगृह भरलं. मृदुंगावर थाप पडली, तेरा पाय एकदम आपटले. तिसऱ्या रांगेपलीकडे, त्यातली नम्रता कुठली, हे शेवटपर्यंत कुणालाच ओळखता आलं नाही.