बिनखिडकीचा पडदा

मी पडदा बोलतोय. जहाजातल्या खालच्या मजल्यावरच्या केबिनमधला. माझ्यामागं खिडकी नाही, नुसती भिंत आहे. आधीच सांगून टाकतो, कारण लोकांना हे कुणी आधी सांगत नाही.

एकाच ताग्यातून आम्ही पुष्कळ पडदे शिवले गेलो. बाकीचे वर गेले, खऱ्या खिडक्यांना लागले. उन्हानं विटतात बिचारे, पण कामाचे आहेत. मला इथं टांगलं ते खोली कोंदट वाटू नये म्हणून. जाहिरातीच्या फोटोतही मीच आहे. बरा दिसतो. लाज वाटते.

मागच्या फेरीला एक म्हातारा सुतार बायकोला घेऊन आला. दोघांचा जहाजाचा पहिलाच प्रवास. तिच्या छातीचं दुखणं हाताबाहेर गेलेलं. वारा सोसत नाही, फार वेळ बसवत नाही. पडल्या पडल्या समुद्र बघायचा, एवढंच तिचं मागणं.

तिला पलंगावर निजवून तो म्हणाला, "डोळे मीट."

"अहो, हा काय पोरखेळ!"

"मीट म्हणतो ना!"

तिनं मिटले. यानं मला सर्रकन बाजूला ओढलं. मग बोटानं भिंत ठोकून पाहिली. पुन्हा ठोकली.

"उघडू का?" ती म्हणाली. तो भिंतच चाचपत राहिला, तेव्हा तिनं आपणच उघडले.

सामान घेऊन आलेल्या केबिनवाल्यावर तो ओरडला, "फोटोत पडदा बघून हीच निवडली मी! जन्मभर खिडक्या बसवल्या. खिडकी नसताना पडदा लावतं का कुणी?"

"बाबा, जहाज भरलंय. दुसरी केबिन नाही."

"जाऊ द्या हो," ती म्हणाली. "ओढून घ्या तो परत. लावलेला असला की मागं समुद्र असेल असं वाटतं."

मग रोज सकाळी तो वर जाऊन यायचा.

"काय दिसलं?"

"पाणी."

"आणि?"

"आणि काय? पुष्कळ पाणी."

"तुम्हाला बोलायला कुणी शिकवलंच नाही," म्हणून ती हसायची, आणि हसता हसता खोकायची.

प्रवासाच्या शेवटच्या सकाळी तो आला तेव्हा तिचा डोळा लागला होता. त्यानं उठवलं नाही. उशाशी बसून हळू आवाजात सांगत राहिला. पाण्याचा रंग, पक्षी, लांबवरची एक होडी. त्याला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. तिनंही ऐकलं नाही.

तुम्ही केबिन निवडाल तेव्हा मला बघून निवडू नका. मागं काय आहे ते विचारा. आणि जहाजवाल्यांनो, मला उतरवा. फाडून फरशी पुसायला घ्या. ते काम तरी खरं असेल.