गुंडप्पाचा निळा कॅन

देवणीजवळच्या त्या गावात मारुतीच्या भंडाऱ्याचा भात शिजत होता आणि तो निथळायला मोठ्या झाकणाला भोकं पाडायचं काम भीमाकडं आलं होतं. भीमाचं अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं दुकान. माणूस फटकळ, पण कामात चोख. पहिली पंगत लेकरांची होती आणि त्यात त्याची लेक राजकन्याही बसणार होती.

झाकणही अॅल्युमिनियमचंच. कोरडं ड्रिल चालवलं की हा मऊ धातू त्याच्या टोकाला चिकटून बसतो, तेल लागतंच. कुणीतरी ट्रॅक्टरचं जळकं ऑईल पुढं केलं. भीमा उखडलाच.

"अन्नाच्या झाकणाला हे? डोकं ठिकाणावर हाय का? करडईचं तेल आणा!"

जवळच्या आखाड्यावरून, शेतातल्या गोठ्यावरून, शेतकरी गुंडप्पा तेलाचा निळा कॅन घेऊन आला. तेलावर भोकं कशी झरझर पडली! आचारी घाई करत होता. भीमानं झाकण नुसतं फडक्यानं पुसून दिलं. तेल करडईचं, मग धुवायचं कशाला? पाणी निथळलं, भात त्याच झाकणाखाली दमाला लागला. भीमाला स्वतःचं भारी कौतुक वाटलं.

लेकरांची पंगत बसली, तेव्हा त्यानं साबणानं हात धुतले. तरी बोटांना वास राहिला, उग्र, घशात बसणारा. करडईचा नव्हताच तो. त्यानं कॅनचं बूच काढून हुंगलं. तोच वास.

"गुंडप्पा, ह्यात आधी काय होतं?"

"सोयाबीनवर फवारायचं औषध. पर इसळून घेतलंय की. आखाड्यावर समदे असंच ठेवतेत."

"आन तुम्ही हे तेल खाताव?"

"छ्या! बैलाच्या शिंगाला लावतो. तू करडईचं म्हनलास, म्हून आणलं."

भीमा पंगतीकडं धावत सुटला. "थांबा! खाऊ नका!" भोंग्यावरच्या भजनात त्याचं ओरडणं कुणाला ऐकूच गेलं नाही. त्याची बायको उज्ज्वला भाताची बादली घेऊन वाढत होती. बादली रिकामी झाली होती.

"लेकीचे नखरे बघा," ती हसत म्हणाली. "भात कडू लागतोय म्हणं! परसाद टाकू न्हाई, म्हनलं. बसवून खाऊ घातला."

राजकन्येनं पत्रावळ उचलून बापाला दाखवली. तिच्यावर एक शीतसुद्धा उरलं नव्हतं.