हिरवा म्हणून चारा

एखादी वस्तू टाकून द्यायची म्हटली की आपल्या जिवावर येतं. फाटक्या टॉवेलचं फडकं होतं, रिकामी बरणी फळीवर चढते. याला आपण काटकसर म्हणतो आणि तोंडभर कौतुक करतो. नळांना चकाकी चढवणाऱ्या एका कारखानदाराचंही लोक असंच कौतुक करत.

माणूस खरंच भला. नळांना धातूचा मुलामा देऊन उरलेलं पाणी पूर्वी थेट ओढ्यात जायचं. त्याने स्वतःहून कारखान्यामागे खडीचा लांब वाफा बांधून त्यात पाणकणसं, म्हणजे पाणथळीत वाढणारं उंच गवत, लावलं. पाणी त्यांच्या मुळांतून झिरपायचं, मग कोळशाच्या टाकीतून बाहेर पडायचं. कोळसा पाण्यातला धातू धरून ठेवतो, म्हणून जुना कोळसा तो पिंपात बंद करून घातक कचऱ्याच्या गाडीलाच द्यायचा. पाणकणसं मात्र कापून शेजारच्या शेळीवाल्या मावशींना देई. फुकटचा चारा कोणाला नको असतो?

एकदा पाण्याचा नमुना न्यायला त्याची धाकटी बहीण आली. ती प्रयोगशाळेत काम करायची.

"मागचा निकाल चांगला आला, दादा. मानलं तुला!"

"मग! भाऊ कोणाचा आहे?" तो खुलला.

तेवढ्यात मावशी भारा घेऊन फाटकातून बाहेर पडल्या. बहिणीचं हसू मावळलं.

"हे कुठे चाललंय?"

"शेळ्यांना."

"अरे, काय केलंस हे! कोळसा पिंपात भरतोस, मग हे का नाही?"

"कोळसा काळाकुट्ट असतो गं. ही पानं बघ, किती टवटवीत!"

"पाण्यातला धातू गेला कुठे मग? थोडा खडीत, थोडा कोळशात, थोडा या झाडांत. घाण नाहीशी होत नाही, दादा, ती फक्त जागा बदलते!"

त्याने फाटकाकडे पाहिलं. "पण पानांत असून असून कितीसा असेल?"

"बराचसा मुळांतच राहतो. पण पानांत किती चढला, दुधात किती उतरला, ते तपासल्याशिवाय मी काय सांगू?"

दोघं धावतच मावशींच्या घरी गेली. पातेल्यात दूध तापत होतं आणि मावशींचा लहानगा नातू पेला घेऊन मध्येमध्ये लुडबुडत होता. कारखानदाराने चाचरत सगळं सांगितलं. मावशी भांडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"साहेब, तुम्ही दिलंत म्हणून डोळे मिटून घेतलं हो. याच्या पोटात गेलंय ते आता कसं काढू?"

"चुकलो, मावशी. याला आत्ता डॉक्टरांकडे नेऊ. यापुढे एक पानही पिंपाशिवाय बाहेर जाणार नाही."

"याला काही होणार नाही ना?"

कारखानदाराने बहिणीकडे पाहिलं. तिने नमुन्याच्या बाटलीत थोडं दूध भरून घेतलं. तपासणीचा निकाल येईपर्यंत कोणाच्याच हातात काही नव्हतं.

मावशींनी गॅस बंद केला आणि पातेलं उचलून त्या मोरीकडे निघाल्या.

"मावशी, तिथे नको! ते पुन्हा ओढ्यातच जाईल!" बहीण ओरडली.

"मग कुठे ओतू? सांगा ना!"

नातू दुधासाठी रडायला लागला.

वाचकहो, झाडं आणि कोळसा पाण्यातलं विष धरून ठेवतात, पुढचं काम आपलं असतं. "मग कुठे?" हा मावशींचा प्रश्न त्या भल्या माणसाने वाफा बांधतानाच विचारायला हवा होता. आपण तरी तो वेळेवर विचारूया. उशिरा विचारला, तर एखाद्या लेकराच्या तपासणीच्या निकालाची वाट पाहत बसण्याखेरीज आपल्याला काहीच करता येत नाही.