दोन मेंदूंची एक वाटी

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. आज मी रोह्याच्या एका शाळेत फळ्याशेजारी धूळ खात बसलोय. पण १९९७ साली मी धाटावच्या एका रंगाच्या कंपनीत, प्रयोगशाळेत होतो. माझ्यात एक नाही, दोन मेंदू होते, आणि त्याचा मला भारी तोरा होता.

माझ्यासमोर अनिता बसायची. ती पेणजवळच्या जोहे गावची, घरी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. रोज दोन एसट्या बदलून यायची. ती तुमच्या वहीतल्यासारखं सूत्र टाइप करायची: ‘२ गुणिले क्ष अधिक ६’. माझ्या लेखी ती नुसती अक्षरं. ती वाचायची, अर्थ लावायचा, क्षच्या जागी टाकीचं तापमान घालायचं आणि उत्तर छापायचं. अशा बारा टाक्या होत्या. त्या उत्तरावरून टाकीत किती आम्ल ओतायचं ते ठरे.

आधी एकच मेंदू राबायचा, एकामागून एक टाकी घ्यायचा. प्रयोगशाळेचे प्रमुख हैबतराव साहेब, त्यांना धीर कुठला! मग प्रोग्राम लिहिणाऱ्या हरेशने दोन्ही मेंदूंना एकदम जुंपलं, प्रत्येकी सहा टाक्या देऊन. काम झटपट झालं, माझी वाहवा झाली. पण क्षचा आकडा ठेवायला त्याने दोघांना जागा एकच दिली होती. हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

मग रंग बिघडू लागला. रोज नाही, अधूनमधून, आणि म्हणूनच सगळे एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहू लागले. हैबतराव साहेब अनिताच्या खुर्चीमागे उभे राहायचे. ती जेवायला गेली की तिचा खण उघडून पाहायचे. हरेश म्हणायचा, सूत्र साध्या अक्षरांत आहे, कोणीही बदलेल. खरं सांगतो, मलाही तिच्याच बोटांचा संशय होता. माझी छपाई एवढी सुबक, मी कसा चुकेन?

एके सकाळी तिसऱ्या टाकीतला सगळा रंग फेकावा लागला. “सूत्राला तुझ्याशिवाय हात लावतो कोण?” साहेब म्हणाले. “उद्यापासून येऊ नकोस.”

अनिताचे डोळे भरले, पण ती उठली नाही. तिने कालचेच आकडे घातले आणि हात मांडीवर ठेवून साहेबांना एकच बटण पुन्हा पुन्हा दाबायला लावलं. तिसऱ्या टाकीचं उत्तर आलं ४६. परत ४६. तिसऱ्यांदाही ४६. चौथ्यांदा आलं ७६. नवव्या टाकीचंही ७६च होतं.

अनिताने कागदावरच्या दोन्ही ७६वर बोट ठेवलं. मग म्हणाली, “साहेब, आमच्याकडं दोन रंगाऱ्यांना एक वाटी देत नाय. एकाचा रंग दुसऱ्याच्या गणपतीला लागतो. ह्याच्या आत वाटी एकच हाय.”

हरेशचा चेहरा उतरला: एका मेंदूने ठेवलेल्या क्षवर कधीकधी दुसरा आपला क्ष लिहीत होता. त्याच दुपारी त्याने प्रत्येक मेंदूला क्षसाठी वेगळी जागा दिली. अनिताची नोकरी राहिली. साहेबांनी माफी मात्र मागितली नाही.

मित्रांनो, संशय जरूर घ्या. पण माणसाला घरी पाठवण्याआधी तेच काम यंत्राकडून पुन्हा करून घ्या. अनिता पुढे चार वर्षं माझ्यासमोर बसली. रोज फडक्याने मला पुसायची, मायेने पुसायची. आणि प्रत्येक उत्तर पेन्सिलने ताडून पाहायची. मला त्याचं वाईट वाटायचं, पण तिचं चुकत नव्हतं.